छोट्या धंद्यात कॉम्प्युटर: काय घ्यावं, कसं सांभाळावं, बिघडला तर कुणाला बोलवावं

मृगाचा दमदार पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी उसळते. पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खत द्यायचं, बियाण्याचं पक्कं बिल करायचं, साठा रजिस्टर जुळवायचं, आणि हे सगळं पेरणीच्या आठ-पंधरा दिवसांत. नेमका तेव्हा बिलिंगचा कॉम्प्युटर बसला, तर दुरुस्तीचे हजार-दोन हजार ही किरकोळ गोष्ट ठरते. खरं नुकसान हे की समोरचा शेतकरी पुढच्या दुकानात जातो आणि पुढच्या हंगामातही तिकडंच जातो.

म्हणून धंद्यासाठी कॉम्प्युटर, प्रिंटर, सॉफ्टवेअर यातलं काहीही घ्यायचं असेल तर आधी एकच प्रश्न विचारा: हे बंद पडलं तर माझं काम किती वेळ अडलेलं चालेल? तासभर, एक दिवस की आठवडा? या उत्तरावर खर्च ठरवा. दुकानात नवीन आलेल्यांसाठी, वडिलांच्या वह्यांवरून कॉम्प्युटरवर येणाऱ्या पोरांसाठी आणि बचत गटाचा छोटा उद्योग सुरू करणाऱ्या ताईंसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांनी चौथ्या पायरीपासून वाचलं तरी चालेल.

पायरी १: कागद घ्या

दुकानदाराकडे जायच्या आधी एका कागदावर लिहा: कॉम्प्युटरवर कोणती कामं होणार, ती कोण करणार, गर्दीचा हंगाम कोणता, आणि त्या हंगामात किती वेळ थांबता येईल. लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचं उत्तर आणि हिंगोलीतल्या झेरॉक्स सेंटरचं उत्तर एकसारखं येणार नाही. आडत्याला सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, संध्याकाळपर्यंत शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी द्यावीच लागते. जिनिंगवाल्याचाही जोर दिवाळीनंतरच. शिकवणीच्या क्लासला जून-जुलैत फीच्या पावत्यांचा भार असतो, एरवी दोन दिवस मशीन बंद राहिलं तरी बिघडत नाही.

या कागदाचा दुसरा उपयोग तारखांसाठी होतो. मशीन बदलणं, सॉफ्टवेअर बदलणं, विंडोज नव्यानं टाकणं ही कामं हंगामाच्या निदान महिनाभर आधी उरकायची. कृषी केंद्रानं एप्रिलमध्ये, आडतीनं ऑगस्टमध्ये. महिन्याच्या १० तारखेला किंवा १९ तारखेला तर मशीनला हातच लावू नका, कारण दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) ची मुदत ११ आणि ३बी (कर भरण्याचं विवरण) ची २० तारीख असते.

आणि कागद लिहून झाल्यावर असं दिसलं की दिवसाला दहा-पंधरा बिलं होतात आणि जीएसटीची नोंदणी नाही, तर कॉम्प्युटर घेऊच नका. मालाच्या विक्रीसाठी वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवेसाठी २० लाखांच्या आत असेल, परराज्यात माल जात नसेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. अशा दुकानाला छापील बिलबुक आणि फोनवरचं एखादं हिशेबाचं ॲप पुरतं. वाचलेले चाळीस हजार मालात घाला.

पायरी २: आधी सॉफ्टवेअर ठरवा, मशीन नंतर

बहुतेक जण उलटं करतात. मशीन घेऊन येतात आणि मग विचारतात, आता यात काय टाकू? हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडताना तुमच्या सीएला किंवा कर सल्लागाराला आधी विचारा, कारण वर्षअखेरीस तुमचा डेटा त्यांच्याच टेबलावर जाणार. आपल्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर जाणणारी माणसं गावोगाव मिळतात आणि हा फार मोठा फायदा आहे. एखादं सॉफ्टवेअर दहापट देखणं असेल, पण ते चालवणारा मुलगा सोडून गेल्यावर परभणीत दुसरा मिळत नसेल, तर ते तुमच्या कामाचं नाही.

विकणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली: उद्या मला हे सोडायचं झालं तर माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळेल का? ते आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा. दुसरी: दरवर्षी नूतनीकरणाचे किती पैसे, आणि ते नाही भरले तर सॉफ्टवेअर बंद पडतं की फक्त अपडेट थांबतात? महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तर ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) सोय आहे का, हेही पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा लागू आहे.

क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. 'सगळे तेच वापरतात' हे ऐकायला मिळेल. पण फुकट ॲक्टिव्हेट करणाऱ्या त्या फाइलसाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. म्हणजे घराची कडी आपणच काढून द्यायची, आणि आत कोण आलं ते कळायलाही मार्ग नाही. पैसे वाचवायचेच असतील तर पत्रं आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस घ्या. ते कायदेशीररीत्या मोफत आहे आणि छोट्या दुकानाची कामं त्यात आरामात होतात.

मराठीत बिलं, पावत्या, पाट्या काढायच्या असतील तर सुरुवातीपासून युनिकोड (कुठल्याही मशीनवर नीट वाचता येणारे) फॉन्टच वापरा. डीटीपीवाल्यांकडच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ग्राहकांची यादी दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि पाचशे नावं पुन्हा टाइप करायची वेळ येते.

पायरी ३: मशीन आणि प्रिंटर

हिशेब, बिलं, ईमेल आणि सरकारी पोर्टल यांसाठी भारी मशीन लागत नाही. आय-३ किंवा रायझन-३ च्या वर्गातला अलीकडचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क). यातली एसएसडी सगळ्यात महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर चालणारं, हँग होणारं मशीन नुसती एसएसडी टाकली की पुन्हा पळायला लागतं, तेव्हा जुनं फेकण्याआधी हा कमी खर्चाचा उपाय करून पाहा.

जुनं म्हणजे रिफर्बिश्ड मशीन घ्यायला हरकत नाही, पण एक अट आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालतं. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचं मशीन बारा हजारांत मिळतंय म्हणून उडी मारू नका. विकणारा 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणेल. टाकता येतंही, पण कंपनीचा त्याला आधार नसतो.

डेस्कटॉप की लॅपटॉप? जिथं लाईट दिवसातून चारदा जाते तिथं एकट्या माणसाच्या दुकानाला लॅपटॉप परवडतो, कारण त्याची बॅटरी त्याच्या पोटातच आहे. दोन-तीन जण आळीपाळीनं बसणार असतील, धूळ जास्त असेल, दुरुस्ती गावातच व्हायला हवी असेल, तर डेस्कटॉप. त्याचा सुटा भाग जालन्यातही मिळतो आणि अंबाजोगाईतही.

वॉरंटी किती वर्षांची हे सगळे विचारतात. वॉरंटीत माणूस दुकानात येणार की मशीन घेऊन आपल्याला छत्रपती संभाजीनगरला जावं लागणार, हे कुणी विचारत नाही. ते विचारा. बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक आणि मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या जीएसटी योजनेत) नसाल आणि मशीन धंद्यासाठीच असेल, तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट त्या बिलावर मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या करातून वजा होते. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तूची घटलेली किंमत खर्च म्हणून) धरता येतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणून खरेदी सप्टेंबरअखेरच्या आत झालेली बरी. अंदाजित उत्पन्नावर (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून) कर भरणाऱ्यांना घसारा वेगळा मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

प्रिंटरच्या बाबतीत लोक सर्वात जास्त फसतात. मोंढ्यात तीन प्रतींची पट्टी लागते, तिथं आवाज करणारा डॉट मॅट्रिक्सच हवा, कारण कार्बनवर ठोका मारायला दुसरं काही नाही. इंक टँकचा प्रिंटर रोजच्या रंगीत कामाला स्वस्त पडतो, पण पंधरा दिवस बंद ठेवला की आपल्या उन्हाळ्यात त्याची शाई वाळून बसते. अधूनमधून छापणाऱ्यानं साधा काळा-पांढरा लेझर घ्यावा.

थर्मल प्रिंटर (शाईऐवजी उष्णतेनं छापणारा) किराणा आणि हॉटेलला ठीक आहे. बियाण्याच्या दुकानात मात्र मी त्याला ठाम विरोध करतो. सोयाबीन उगवलं नाही तर शेतकऱ्याला तक्रारीसाठी बिल, पिशवी आणि लेबल दाखवावं लागतं. थर्मलचं बिल शर्टाच्या खिशात, उन्हात, घामात काही आठवड्यांत पुसट होतं. त्या शेतकऱ्याची बाजू तुमच्या बिलावर उभी आहे, म्हणून ते वर्षभर वाचता येईल असं छापून द्या. तुम्हाला स्वतःला थर्मल कागदावर मिळालेल्या खरेदीच्या बिलांचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

पायरी ४: लाईट, अर्थिंग, ऊन

मराठवाड्यात कॉम्प्युटरची बरीचशी दुखणी मुळात विजेची असतात. विंडोज करप्ट होणं, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) जळणं, हार्ड डिस्क जाणं, सीपीयूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येणं. दर वेळी 'फॉरमॅट मारून' पैसे घालवण्याआधी एकदा चांगल्या वायरमनला बोलवा.

त्याला मल्टिमीटर घेऊन सॉकेटवर दोन मापं घ्यायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये साधारण २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं माप दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. तिथं दहा-पंधरा दिसत असतील, तर अर्थिंग कच्चं आहे किंवा न्यूट्रलमध्ये दोष आहे. अनेक दुकानांत तिसरी पिन भिंतीच्या आत कुठंच जोडलेली नसते, हे या एका मापात उघडं पडतं.

अर्थिंग केलेलं असलं तरी ते उन्हाळ्यात नीट काम करेलच असं नाही. आपली काळी माती पावसाळ्यात विजेला चांगली वाट देते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, ती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि विरोध वाढतो. म्हणून मार्च ते मृगापर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायचं. खड्डा दुकानामागच्या बोळात असेल तर त्यावर कुणी फरशी टाकली नाही ना, हेही बघा.

यूपीएस हवाच. एका डेस्कटॉपला ६०० व्हीएचा पुरतो. त्यावर तासभर काम करायचं नसतं. दहा-पंधरा मिनिटांत नोंद पूर्ण करून मशीन नीट बंद करायचं, एवढ्यासाठीच तो आहे. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच लावू नका. गरम होताना तो एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते तपासा, नाहीतर लाईट जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होत राहील.

यूपीएसच्या आतली बॅटरी ही जाणारच वस्तू आहे. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोन वर्षांत बॅटरी बदलायची असंच हिशेबात धरा. यूपीएस पत्र्यापासून दूर, जमिनीलगत, हवा लागेल असा ठेवा. सीपीयूतली धूळ वर्षातून दोनदा ब्लोअरनं काढून घ्या. दाल मिल आणि जिनिंगमध्ये दर महिन्याला.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करू नका, पिन उपटा. नेटची फायबर स्वतः वीज वाहत नाही, पण राऊटरचा ॲडॅप्टर आणि राऊटरपासून मशीनपर्यंत आलेली तांब्याची केबल वाहते. गच्चीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची वायरही तशीच थेट डीव्हीआरपर्यंत (रेकॉर्डिंगच्या डब्यापर्यंत) वीज आणते.

पायरी ५: बॅकअप

मशीन दुसरं मिळतं, तीन वर्षांच्या उधारीची यादी दुसरी मिळत नाही. शिवाय जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात.

पद्धत सोपी ठेवा. रोज दुकान बंद करताना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बॅकअप काढायचा आणि त्याला तारखेचं नाव द्यायचं. जुन्यावर नवीन लिहायचं नाही, कारण चूक आठ दिवसांनी लक्षात आली तर आठ दिवसांपूर्वीची प्रत हवी. आठवड्यातून एकदा ती प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची, डिस्क काढायची आणि घरी न्यायची. सतत जोडलेली डिस्क हा बॅकअप होत नाही. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर मशीनसोबत तीही कुलूपबंद होते, आणि दुकानात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर दोन्ही एकत्र जातात. तिसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. तिथं १५ जीबी फुकट मिळते आणि छोट्या दुकानाच्या हिशेबाला ती बरीच वर्षं पुरते. पेन ड्राइव्हवर एकट्यावर भिस्त नको.

महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. सीएच्या ऑफिसात किंवा भावाच्या लॅपटॉपवर. मागच्या महिन्याची रोख शिल्लक आणि एखाद्या ग्राहकाचं खातं जुळलं तर बॅकअप खरा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. टॅलीत व्हॉल्टचा (डेटा कुलूपबंद करण्याच्या सोयीचा) पासवर्ड घातला असेल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो हरवला तर कंपनीही डेटा उघडून देऊ शकत नाही.

पायरी ६: किल्ल्या मालकाकडे

आपल्याकडचं एक नेहमीचं चित्र: जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर कर सल्लागाराचा, ईमेल त्याच्या ऑफिसातल्या मुलाचा, गूगल मॅपवरचं दुकान भाच्यानं स्वतःच्या खात्यातून टाकलेलं, वेबसाइटचं नाव ती बनवणाऱ्याच्या नावावर. कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण सल्लागार बदलायचा झाला की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तुम्ही अडून बसता.

आजच दुकानाच्या नावानं एक जीमेल खातं काढा, त्याला तुमचा नंबर आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि वरच्या सगळ्या ठिकाणी तेच खातं व तुमचा नंबर घाला. जीएसटी पोर्टलवर ही दुरुस्ती करता येते. सॉफ्टवेअरचं लायसन्स, डिजिटल सहीचं टोकन, वेबसाइटचं नाव, सगळं मालकाच्या नावावर. एका वहीत यादी लिहा आणि घरातल्या एका माणसाला ती वही कुठं आहे ते सांगून ठेवा. कामगारांसाठी विंडोजमध्ये वेगळं साधं खातं करा, ॲडमिनचं आपल्याकडे. कामगार सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. यात अविश्वास नाही, गल्ल्याच्या किल्लीलाही आपण हाच नियम लावतो.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांसाठी खास: डेस्कटॉपवर पडलेल्या लोकांच्या आधार कार्डच्या पीडीएफ रोज संध्याकाळी पुसा. वैयक्तिक डेटा जपण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी गावातल्या माणसानं विश्वासानं दिलेला कागद तसा उघडा ठेवणं बरं नाही.

पायरी ७: फसवणूक

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. स्क्रीनवर 'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' असं दिसलं तर फोन करायचा नाही, मशीन बंद करायचं. एनीडेस्क किंवा तत्सम, दुरून आपलं मशीन चालवू देणारं ॲप फक्त तुम्ही स्वतः बोलावलेल्या माणसालाच द्यायचं आणि काम होताच बंद करायचं. त्या वेळात बँकेचं पान उघडायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात.

पायरी ८: आपला कॉम्प्युटरवाला निवडा

मशीन चालू असताना निवडा. बंद पडल्यावर जो फोन उचलेल तोच घ्यावा लागतो.

एक-दोन मशीन असतील तर बोलावलं की व्हिजिट चार्ज देणं परवडतं. चार-पाच मशीन, नेटवर्क, सामायिक प्रिंटर असेल तर एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा विचार करा. एएमसी दोन तऱ्हेची असते: एकीत फक्त येण्याचे आणि हातकामाचे पैसे, सुटे भाग वेगळे; दुसरीत भागही धरलेले. दुसरी महाग असते आणि तिच्या यादीत काय वगळलंय ते बारीक अक्षरात असतं. प्रिंटरचं हेड आणि यूपीएसची बॅटरी बहुतेक वेळा वगळलेली सापडेल.

करार करण्याआधी विचारायचं ते असं. तुम्ही बाहेरगावी असाल तर कोण येईल? रविवारच्या बाजारादिवशी याल का? मशीन न्यावं लागलं तर बदली मशीन द्याल का? या तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा थोडा महाग असला तरी घ्या, विशेषतः पायरी एकच्या कागदावर तुम्ही 'तासभर' असं लिहिलं असेल तर. त्याचे दोन जुने ग्राहक कोण ते विचारा आणि त्यांच्या दुकानात जाऊन चहा घ्या. शंभर किलोमीटरवरच्या नावाजलेल्या कंपनीपेक्षा गल्लीतला, बिल देणारा, नीट समजावून सांगणारा मुलगा छोट्या दुकानाला जास्त उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो आल्यावर फॉरमॅटला हो म्हणण्याआधी डेटाची प्रत निघाली आहे का ते स्वतः बघा. डेस्कटॉप, डाऊनलोड्स आणि टॅलीचं फोल्डर, तिन्ही. बदललेला जुना भाग परत मागा; जुनी हार्ड डिस्क तर नक्कीच, तुमचे सगळे ग्राहक तिच्यात आहेत. काउंटरखाली एक वही ठेवा आणि तारीख, काय बिघडलं, काय केलं, किती घेतले ते लिहीत जा. एकाच वर्षात तीनदा तोच बिघाड दिसला तर मशीन बदलायचं की वायरमनला बोलवायचं, हे त्या वहीतच कळेल.

पहिलं काम म्हणून त्याच्याकडून बॅकअपची तपासणी आणि अर्थिंगचं माप करून घ्या. ही दोन कामं तो कशी करतो ते शेजारी उभं राहून पाहा, आणि मगच वर्षाच्या कराराचा कागद पुढं ओढा.